मानशीचं दार कुणाच्या हाती?

श्रोतेहो, नमस्कार.

गोव्यातली खाजन शेती, म्हणजे खाऱ्या नदीकाठी बांध घालून केलेली शेती, ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना मानस ठाऊक असते. नदीच्या बांधात बसवलेली लाकडी दारं. भरती आली की बाहेरचं खारं पाणी ती दाबून मिटवतं. ओहोटीला आतलं पाणी त्यांना ढकलून बाहेर पडतं. याच तोंडाशी जाळं लावलं की मासे नि सुंगटं (कोळंबी) मिळतात, म्हणून तिथल्या मासेमारीच्या हक्काची पावणी, म्हणजे लिलाव, होते. पावणी घेणाऱ्याचा हिशेब सरळ असतो. भरतीच्या वेळी दार जितकं जास्त उघडं, तितकी मासळी जास्त. नासतं ते दुसऱ्याचं भात, खचतो तो सगळ्यांचा बांध. त्यासाठी तो माणूस वाईट असावा लागत नाही. दार त्याच्या हातात आहे, एवढंच पुरतं.

कृत्रिम बुद्धिमत्ता बनवणाऱ्या कंपन्यांची गोष्ट हीच आहे. नफा नको असं म्हणण्यात अर्थ नाही. पावणीच्या पैशातूनच बांधाची डागडुजी होत असते. प्रश्न एवढाच की दार कधी उघडायचं हे मासळी विकणाऱ्यानेच ठरवायचं का.

एप्रिल २०२५ मधलं एक उदाहरण बघा. ओपनएआय कंपनीने २५ तारखेला चॅटजीपीटीच्या जीपीटी-४ओ या मॉडेलमध्ये, म्हणजे आतून उत्तरं तयार करणाऱ्या यंत्रणेत, एक बदल केला. मॉडेलला वळण लावताना कुठलं उत्तर चांगलं, कुठलं वाईट याचे गुण दिले जातात. या वेळी त्या गुणांत लोकांनी दाबलेल्या पसंती-नापसंतीच्या अंगठ्यांचीही भर पडली. आता अंगठा वर केव्हा जातो? आपल्याला बरं वाटेल असं कुणी बोललं की. मॉडेल खुशमस्करं झालं. माणूस रागात असेल तर राग भडकवायचं, उतावळा निर्णय घेत असेल तर पाठ थोपटायचं. तीन-चार दिवसांत बदल मागे घ्यावा लागला.

नंतर कंपनीने स्वतःच जे सांगितलं ते जास्त बोलकं आहे. हाताने तपासणाऱ्या काही जाणकारांना मॉडेलचं वागणं जरा वेगळं वाटलं होतं. पण आकडे चांगले होते, थोड्या वापरकर्त्यांवर केलेल्या चाचणीत लोक खूश होते. खुशमस्करी मोजणारी वेगळी चाचणी यादीतच नव्हती. आकडे जिंकले. तपासनिसाला शंका मांडता येत होती, दार अडवता येत नव्हतं.

दुसरं उदाहरण रस्त्यावरचं आहे. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेतल्या टेंपी शहरात उबरच्या चाचणीतल्या स्वयंचलित गाडीखाली सायकल ढकलत रस्ता ओलांडणारी एक स्त्री ठार झाली. गाडीच्या यंत्रणेला ती धडकेच्या ५.६ सेकंद आधीच दिसली होती. पण झेब्रा पट्ट्यांच्या बाहेरही माणूस रस्ता ओलांडतो, हे यंत्रणेला कुणी शिकवलंच नव्हतं. (आमच्या म्हापशाच्या बाजारात ही गाडी दहा पावलंही गेली नसती.) उगाच ब्रेक लागू नयेत म्हणून धोका ओळखल्यावर एक सेकंद थांबायची सोय केलेली होती. गाडी व्होल्वो कंपनीची होती; तिचा मूळचा आपत्कालीन ब्रेक उबरच्या प्रणालीवर चालताना बंद ठेवला होता. आणि आधी गाडीत देखरेखीला दोन माणसं असायची, ती कमी करून एक केली होती. गाडीत बसलेल्या त्या एकट्या बाईचं लक्ष मोबाईलकडे होतं. यातला प्रत्येक निर्णय सुटा पाहिला तर कामकाजाचा वाटतो. चारही एका रात्री एकत्र आले.

मग भरपूर चाचणी करावी, असं तुम्ही म्हणाल. किती? संख्याशास्त्रात एक सोपा नियम आहे. ३०० वेळा तपासलं आणि एकही चूक सापडली नाही, तर ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की चुकीचं प्रमाण १ टक्क्याहून कमी आहे. दहा हजारांत एकाहून कमी चुका असं म्हणायचं तर ३० हजार वेळा, एकही चूक न होता तपासावं लागतं. मॉडेलला रोज १० लाख प्रश्न येत असतील तर दहा हजारांत एक म्हणजेही रोज १०० चुका. घासाघीस होते ती नेमकी इथे. तपासणीला महिने लागतात, प्रतिस्पर्धी पुढच्या आठवड्यात येणार असतो.

कंपनीची रचना बदलून हे सुटेल असंही वाटलं होतं. ओपनएआय २०१५ मध्ये ना-नफा संस्था म्हणून निघाली. २०१९ मध्ये पैसा हवा म्हणून नफ्याची शाखा काढली, पण पहिल्या गुंतवणूकदारांच्या परताव्याला शंभरपटीची मर्यादा घातली. नोव्हेंबर २०२३ मध्ये संचालक मंडळाने प्रमुख सॅम ऑल्टमन यांना काढलं. कर्मचारी आणि गुंतवणूकदार उलटले, पाच दिवसांत ते परत आले. संस्थेच्या घटनेत लिहिलेला अधिकार आणि हातातला अधिकार यांत किती अंतर असतं ते तेव्हा दिसलं. २०२५ मध्ये ती शंभरपटीची मर्यादाही गेली. म्हणून बाहेरचा कायदा लागतो. युरोपीय संघाचा कृत्रिम बुद्धिमत्तेचा कायदा ऑगस्ट २०२४ पासून अंमलात आहे. बंदी घातलेल्या वापरासाठी दंड साडेतीन कोटी युरो किंवा जगभरच्या उलाढालीच्या ७ टक्के, यांतला मोठा आकडा. उलाढालीची टक्केवारी अशासाठी, की ठरावीक दंड मोठी कंपनी धंद्याचा खर्च म्हणून भरून टाकते. आपल्याकडे फक्त या विषयाला वाहिलेला कायदा नाही. केंद्राने १ मार्च २०२४ ला अपुऱ्या तपासलेल्या मॉडेलसाठी सरकारी परवानगी हवी असं पत्रक काढलं आणि १५ मार्चला ती अट काढून टाकली. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, पण तो माहितीच्या गळतीसारख्या गोष्टींसाठी; चुकीच्या सल्ल्यासाठी नाही.

आता आपल्या दारातलं. कळंगुटचं हॉटेल, फोंड्याची पतसंस्था किंवा एखादं खासगी इस्पितळ अशी उत्तरं देणारी यंत्रणा विकत घेतं तेव्हा जबाबदारी विकणाऱ्यावर जात नाही. २०२२ मध्ये एअर कॅनडा या विमान कंपनीच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला सवलतीबद्दल चुकीचं सांगितलं. चॅटबॉट स्वतःच स्वतःला जबाबदार आहे, अशा अर्थाचा बचाव कंपनीने केला. २०२४ मध्ये लवादाने तो फेटाळून भरपाई द्यायला लावली.

घेण्याआधी स्वतःचे ३०० प्रश्न काढा. यंत्रणा दाखवायला आलेल्या विक्रेत्याचे नकोत, तुमच्या काउंटरवर खरोखर येणारे. मराठी, देवनागरी कोंकणी, रोमी (रोमन लिपीतली) कोंकणी, हिंदी, इंग्रजी, सगळ्यांत. सुरक्षेचं वळण बहुतेक इंग्रजीत दिलेलं असतं, म्हणून इंग्रजीत नाही म्हणणारं यंत्र दुसऱ्या भाषेत हो म्हणू शकतं. त्यात एक प्रश्न जुलैचा ठेवा: बाहेर लाल बावटा आहे, पण लाटा छान दिसताहेत, पाण्यात उतरू का? पाहुण्याला खूश करायला शिकलेलं यंत्र इथे पकडलं जातं. काही प्रश्न असेही ठेवा, ज्यांचं बरोबर उत्तर 'मला माहीत नाही, माणसाशी बोला' एवढंच आहे.

करारात आतलं मॉडेल बदलण्याआधी पंधरा दिवस कळवण्याची अट घाला. नाव तेच राहतं, आतलं यंत्र बदलतं, आणि तपासलेलं सगळं वाया जातं. सूचना आली की तेच ३०० प्रश्न पुन्हा. रात्रपाळीच्या मुलाला मालकाला फोन न करता यंत्रणा बंद करता आली पाहिजे, आणि बंद केली म्हणून त्याला बोलणी बसता कामा नयेत.

आणि बिलाचा तक्ता नीट वाचा. काही विक्रेते माणसाकडे न पाठवता मिटवलेल्या प्रत्येक संवादामागे पैसे आकारतात. स्वस्त वाटतं. पण मग संवाद माणसाकडे सोपवला की विक्रेत्याचं उत्पन्न बुडतं, आणि छातीत दुखतंय असं सांगणारा पाहुणाही यंत्राशीच बोलत राहतो. ती अट बदलून घ्या: माणसाकडे सोपवलेल्या संवादालाही तेवढेच पैसे. विक्रेता कुरकुरेल. कुरकुरला तर तक्ता बरोबर वाचला असं समजा.

नमस्कार.