जुनी गाडी रोज सकाळी बाहेर काढायची म्हणजे

मंडळी, पणजीत ट्राम कधी होती, असं कार्यक्रमाची पत्रिका वाचून बऱ्याच जणांनी मला विचारलं. नव्हती. कधीच नव्हती. लिस्बनला आली, पोर्तोला आली. आपल्याकडे मुरगाव बंदरातून घाटावर जाणारी रेल्वे झाली, पण पणजीचा कारभार होड्यांवर आणि पुढे फेरीबोटींवरच चालला. तरीही जुन्या गाड्या चालत्या ठेवण्याचा हा विषय घेतला. मांडवीच्या काठाने मिरामारपर्यंत जुन्या धाटणीची ट्राम सोडावी, पर्यटक खूश होतील, असं अधूनमधून कुणी ना कुणी बोलतं. बोलायला काय जातं! पण अशी गाडी नुसती आणून भागत नाही, ती रोज सकाळी शेडमधून बाहेर काढावी लागते. ते कोण करतं, कसं करतं, आणि केलं नाही तर काय होतं, एवढंच मला आज सांगायचं आहे.

सॅन फ्रान्सिस्कोची केबल कार चित्रांत सगळ्यांनी पाहिली असेल. ही हवेत लटकणारी नव्हे, रस्त्यावर रुळांवरून चालणारी. तारदोरांचा कारखानदार अँड्र्यू हॅलिडी याने ती ऑगस्ट 1873 मध्ये क्ले स्ट्रीटच्या चढावर पहिल्यांदा चालवली. गाडीला इंजिन नाही, मोटर नाही. दोन रुळांच्या मधोमध रस्त्याला एक अरुंद खाच आहे आणि तिच्याखाली पोलादी दोर दिवसभर एकाच वेगाने पळत असतो, ताशी साधारण 15 किलोमीटर. चालवणाऱ्याला तिथे ग्रिपमन म्हणतात. तो उभ्याने एक लांब दांडा मागे खेचतो, खाली सांडशीसारखी पकड दोराला आवळते, आणि दोर गाडीला ओढून नेतो. पकड ढिली केली की दोर सुटला, मग ब्रेक.

ऐकायला सोपं वाटतं. पण पॉवेल स्ट्रीट जिथे कॅलिफोर्निया स्ट्रीटला छेदतो, तिथे दोन मार्गांचे दोर एकमेकांवरून जातात. पॉवेलचा दोर खालून जातो. म्हणून पॉवेलच्या ग्रिपमनने चौकापाशी दोर सोडायचा, गाडी अंगच्या वेगाने पलीकडे जाऊ द्यायची, आणि तिथे दोर पुन्हा धरायचा. सोडायला विसरला तर पकड वरच्या दोरात अडकेल. हे पुस्तकात वाचून येत नाही, हाताला कळावं लागतं. बायकांना हे झेपणार नाही असंच बरीच वर्षं धरून चालले होते. 1998 मध्ये फॅनी मे बार्न्स नावाच्या पन्नाशी ओलांडलेल्या बाईंनी शिकून, परीक्षा देऊन तो दांडा हातात घेतला.

आणि ब्रेक? त्यातला एक चक्क लाकडाचा. रुळावर दाबायचे लाकडी ठोकळे. उतारावर घासून ते काही दिवसांतच झिजतात, मग शेडमध्ये नवे बसवायचे. पकडीचे जबडेही मऊ धातूचे, तेही असेच वरचेवर बदलायचे. दोर महाग, जबडा स्वस्त, म्हणून जबड्याने झिजायचं. आता मला सांगा, या गाडीत जुनं काय राहिलं? दोर नवा, ठोकळे नवे, जबडे नवे. जुनी आहे ती काम करायची रीत. दांडा कधी खेचायचा हे जाणणारे हात आणि ठोकळा घडवणारी कार्यशाळा. माझ्या मते वारसा तिथे आहे. डब्यावरचा सोनेरी रंग नंतर.

ही गाडी 1947 मध्ये जवळजवळ गेलीच होती. महापौर रॉजर लॅपहॅम म्हणाले, बस स्वस्त पडते, केबल कार मोडीत काढू. फ्रीडेल क्लुसमन या बाईंनी शहरातल्या महिला मंडळांना एकत्र आणलं. त्यांनी आठवणींचे कढ काढले नाहीत असं नाही, पण त्याबरोबर हिशेबही मांडला: गाडीचा तोटा किती, आणि तिच्यामुळे शहरात येणारा पैसा किती. मतदान झालं, 1,66,989 विरुद्ध 51,457. नुसता ठराव करून त्या घरी गेल्या नाहीत, पॉवेलच्या गाड्या चालू ठेवण्याचं कलम शहराच्या सनदेतच आलं. पुढच्या महापौराची लहर फिरली तरी हात लावता येऊ नये, म्हणून.

कायदा झाला म्हणून यंत्र थकायचं थांबत नाही. 1982 मध्ये सगळी सेवा बंद करून रूळ, खाच, दोर फिरवणारं घर, सगळं नव्याने बांधावं लागलं. जून 1984 पर्यंत गाड्या नव्हत्या. खर्च सहा कोटी डॉलरच्या आसपास, त्यात लोकांची वर्गणीही होती. मधल्या काळात पाहुण्यांना दाखवायचं काय? म्हणून 1983 मध्ये शेडमध्ये पडलेल्या जुन्या विजेच्या ट्राम बाहेर काढून मार्केट स्ट्रीटवर उत्सव केला. लोकांना तो इतका भावला की 1995 पासून तिथे जुन्या ट्रामचा कायमचा मार्ग सुरू झाला, एफ मार्ग. 1928 च्या घडणीच्या, मिलान शहरातून आणलेल्या ट्राम त्यावर धावतात. मला त्यातली आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. भाडं साध्या बसचंच. कामावर जाणारा माणूस मासिक पास दाखवून चढतो आणि शेजारी कॅमेरा घेतलेला पाहुणा बसतो.

आता लिस्बन. इथे बसलेल्यांपैकी काहींची मुलं, पुतणे तिथे असतील. तिथल्या 28 नंबरच्या पिवळ्या ट्रामचे सांगाडे 1930 च्या दशकातले, पण 1990 च्या दशकात त्यांच्या खालच्या मोटारी आणि ब्रेक बदलले. अस्सलपणाचा आग्रह धरणारे नाक मुरडतात. मी मुरडणार नाही. उतारावरच्या गल्लीत माणसांनी भरलेली गाडी थांबली पाहिजे, बाकीचं मागाहून. तिची खरी अडचण वेगळी आहे. पर्यटकांची इतकी गर्दी की त्याच गल्लीत राहणाऱ्या आजीबाईला पाय ठेवायला जागा मिळत नाही.

आणि लिस्बनचीच ग्लोरिया. 1885 पासूनची ही उतारावरची गाडी. दोन डबे एकाच दोराला, एक उतरतो तेव्हा दुसरा चढतो. 2002 मध्ये तिला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. 3 सप्टेंबर 2025 च्या संध्याकाळी दोर सुटला, वरचा डबा उतारावरून सुटून वळणावरच्या इमारतीवर आदळला, 16 माणसं गेली. त्या दिवशी सकाळी तपासणी झाली होती आणि त्यात वावगं काही दिसलं नव्हतं. दिसणार कसं? दोर तुटला तो डब्याला जिथे जोडलेला होता त्या जोडाच्या आत, आणि ती जागा सुटी केल्याशिवाय दिसतच नाही. पुढे प्राथमिक अहवालात आलं की तो दोर माणसं वाहण्यासाठी प्रमाणित नव्हता, आणि दोर गेल्यावर उरलेले ब्रेक एकट्याने डबा थांबवू शकत नव्हते. स्मारकाचा दर्जा, पाटी, पोस्टकार्डं सगळं होतं. जोड उघडून बघणारं कुणी नव्हतं. म्हणून जुनी गाडी आहे, चालवून घेऊ, असं कुणी म्हणालं की माझ्या पोटात गोळा येतो. जुन्या गाडीला नियम जास्त कडक हवेत.

आपल्या देशाचं थोडक्यात सांगतो, कारण ते सुखाचं नाही. मुंबईत 1874 मध्ये घोड्यांची ट्राम आली, 1907 मध्ये विजेची, आणि 31 मार्च 1964 ला शेवटची धावली. धोबीतलावच्या कुडांत, म्हणजे गोवेकरांच्या सामायिक बिऱ्हाडांत, राहिलेल्या आपल्या जुन्या मंडळींनी त्या ट्रामचा खडखडाट ऐकलेला आहे. कोलकात्यात 1902 पासून विजेची ट्राम आहे. 2024 मध्ये सरकारने सांगितलं, मैदानातला छोटा फेरा वारसा म्हणून ठेवू, बाकी बंद. यालाच मी भुसा भरलेला वाघ म्हणतो. कामाला जाणारं माणूस ज्या गाडीत चढत नाही, तिच्यासाठी सुटा भाग मागवायला कुणाची घाई नसते.

मडगावची स्कायबस, उंच मार्गाला खाली लटकून धावणारी गाडी, आठवते ना? सप्टेंबर 2004 मध्ये चाचणीत अपघात झाला, एकाचा जीव गेला, आणि पुढे कितीतरी वर्षं ते खांब नुसते उभे होते. ती नवी गोष्ट होती, जुनी नव्हे. पण गाडीआधी गाजावाजा केला की काय होतं, हे आपण घरच्या अंगणात पाहिलं आहे.

मग आपण काय जपायचं? माझं उत्तर ऐकून काही जण हसतील: फेरीबोट. ती सुंदर नाही, कबूल. लोखंडाची सपाट पेटी, पुढे-मागे उघडणारी फळी, डिझेलचा धूर. पण 5 जुलै 1986 ला मांडवीचा पूल कोसळला तेव्हा पर्वरीची, म्हापशाची माणसं पुन्हा बेतीच्या धक्क्यावर आली, आणि पुढची काही वर्षं मांडवी ओलांडायला फेरीबोटीच धावून आल्या. सॅन फ्रान्सिस्कोने शेडमधल्या ट्राम काढल्या त्या उत्सवासाठी. आपल्याला जुन्या वाहनाने खरोखरच तारलं. आजही दिवाडी बेटावरचं पोर शाळेला जातं ते फेरीबोटीतून, आणि पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. चालतं वाहन, रोजचे उतारू, आणि बेतीला नदी परिवहन खात्याची कार्यशाळा. क्लुसमनबाईंना जे मिळवावं लागलं ते आपल्याकडे आयतं आहे.

आता चोडण-रायबंदरला रो-रो, म्हणजे गाड्या थेट चढवायच्या-उतरवायच्या नव्या बोटी आल्या. चांगलं झालं, पावसात गाड्यांच्या रांगा कमी होतील. पण जुन्या बोटी एकेक करून भंगारात जाणार हे उघड आहे. त्यातली एक निवडावी. तिचा तळ, सुकाणू, इंजिन नीट करावं, दर वर्षी कडक तपासणी करावी, आणि तिला पणजी-बेतीच्या रोजच्या फेऱ्यांत लावावी. संगीत नको, रंगीत दिवे नकोत, त्यासाठी मांडवीत बाकीच्या बोटी पुरेशा आहेत. भरतीच्या ओढीत बोट धक्क्याला तिरकी कशी घालायची, हे ज्यांना येतं त्यांच्या हाताखाली दोन तरुण द्यावेत, ते निवृत्त व्हायच्या आत. या सगळ्याचा खर्च एका स्वागत कमानीपेक्षा फार होईल असं मला वाटत नाही.

एक चिठ्ठी आली आहे: पणजी ते रेइश मागूश रोपवेचं काय? तो वारसा नाही, नवं बांधकाम आहे, त्यामुळे आजच्या विषयात बसत नाही. पण झालाच, तर निविदेत एवढं बघा की दोराचा जोड कोण उघडणार, किती दिवसांनी उघडणार, आणि त्याचे पैसे कुठल्या खात्यातून जाणार. ते पान बहुधा शेवटी असतं.