संत्र्याच्या सालीचा वास कसा टिकवावा

नमस्कार श्रोतेहो. संत्र्याची साल भावंडाच्या डोळ्यांसमोर दाबून पिचकारी उडवणं किंवा ज्योतीपाशी दाबून ठिणग्या काढणं, हे उद्योग बहुतेक घरांत होऊन गेलेले असतात. डोळ्यांना जे झोंबतं आणि ज्योतीत जे तडतडतं, तेच सालीचं सुगंधी तेल. त्यात ९० टक्क्यांहून अधिक लिमोनीन असतं. हे तेल बाहेरच्या नारिंगी थरातल्या बारीक पुटकुळ्यांत साठलेलं असतं. आतल्या पांढऱ्या थरात असते ती ओल. आज या सालीची कपाटात ठेवायची सुगंधी पोटली करू. ओल घालवायची आणि तेल राखायचं, एवढ्यावरच सगळं काम उभं आहे.

नागपुरी संत्र्याचा आंबिया बहार दिवाळीच्या आगेमागे येतो आणि मृग बहार साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये. सालींसाठी मृग बहार सोयीचा, कारण तोवर हवा कोरडी झालेली असते. फळ सोलण्याआधीच कोमट पाण्यानं धुऊन पुसून घ्या. सोललेली साल धुतली की ती पाणी पिते. चमच्यानं आतला पांढरा भाग खरवडा आणि कात्रीनं अर्ध्या इंचाच्या पट्ट्या कापा. त्या सुपात किंवा सुती कापडावर, एकीवर एक न येतील अशा पसरा. थर्मोकोलच्या ताटलीत मात्र नको, हे तेल थर्मोकोल विरघळवतं.

आता सर्वांत मोठी चूक कोणती, तर ऊन. उटण्यासाठी साल उन्हात वाळवली तर फारसं बिघडत नाही, पण इथे आपल्याला वासच हवा आणि उन्हात तोच आधी उडतो. पंख्याखाली, सावलीत ठेवा. विदर्भात तीन-चार दिवस पुरतात, कोकणातल्या दमट हवेत आठवडा लागू शकतो. पट्टी वाकवून पाहा. कट्टकन मोडली तर झाली. चामड्यासारखी वाकली तर आणखी एक-दोन दिवस द्या, नाहीतर बरणीत बुरशी धरेल. वाळल्यावर वजन पाव भागच उरतं, म्हणजे ५० ग्रॅम सुक्या सालीसाठी आठ-दहा संत्री हवीत.

नुसत्या सालीचा वास लवकर विरतो. त्याला धरून ठेवायला काहीतरी जड वासाचं लागतं, आणि ते आपल्या काष्ठौषधींच्या दुकानात मिळतं: वाळा आणि नागरमोथा. प्रमाण लिहून घ्या. साल ५० ग्रॅम, कात्रीनं बारीक कापलेला वाळा २० ग्रॅम, नागरमोथा १० ग्रॅम, लवंग आणि दालचिनी प्रत्येकी ५ ग्रॅम. नागरमोथा, लवंग, दालचिनी खलबत्त्यात जाडसर कुटा. मिक्सरमध्ये पीठ करू नका; पीठ कापडातून गळतं आणि वासही लवकर सोडून देतं. सगळं काचेच्या कोरड्या बरणीत भरून दोन आठवडे मुरू द्या, रोज एकदा हलवा. पहिल्या दिवशी लवंग फार पुढे येते, त्याला घाबरून प्रमाण बदलू नका. पंधरा दिवसांनी ती खाली बसते.

पोटलीसाठी जुनं धोतर किंवा मलमलची ओढणी उत्तम, पॉलिस्टर नको. चार बाय सहा इंचांच्या पोटलीत साधारण २५ ग्रॅम मिश्रण भरा. पैठणीच्या किंवा कुठल्याही रेशमी साडीच्या घडीत ती थेट ठेवू नका, तेलाचा डाग पडतो. कप्प्याच्या कोपऱ्यात टांगा. दर दोन महिन्यांनी हातात चुरगळली की वास पुन्हा जागा होतो. आणि हो, कसर लागू नये म्हणून एवढ्यावर विसंबू नका. ही वासाची गोष्ट आहे, औषधाची नव्हे.

घट्ट फळ उरलं असेल तर लवंगांचा गोळा, म्हणजे लवंगा खोचून वाळवलेलं सुगंधी फळ, करता येतो. त्याला संत्रं चालत नाही, सैल साल फोडीपासून सुटते. पिवळं, टणक कागदी लिंबू घ्या. एकाला १० ते १२ ग्रॅम लवंग लागते. दाभणानं भोक पाडून मगच लवंग खोचा, नाहीतर तिचं बोंड हातात येतं. दोन लवंगांत गव्हाच्या दाण्याएवढी जागा सोडा. फळ आक्रसतं, दाटी झाली तर साल फाटते. फार अंतर ठेवलं तर मधल्या उघड्या जागी बुरशी येते. एका बैठकीत संपवा. मग दालचिनी आणि नागरमोथ्याच्या पुडीत घोळवून कागदी पिशवीत तीन-चार आठवडे ठेवा, रोज फिरवा. प्लास्टिकच्या पिशवीत सडणारच. हलका झाला आणि टकटक वाजला की तयार. मऊ हिरवट डाग दिसला तर मात्र खरवडत बसू नका, टाकून द्या. पावसाळ्यात हा खटाटोप करूच नये.

आंब्याच्या सालीबद्दल बरेच जण विचारतात. तिला चिकटलेल्या गरातली साखर मुंग्या आणि चिलटं बोलावते, वास राहत नाही. ती सरळ खतात जाऊ द्या.

संत्र्याच्या अर्ध्या वाटीची पणती छान दिसते. तिळाचं तेल आणि फुलवात घाला, खाली स्टीलची ताटली ठेवा आणि ती ताज्या सालीचीच करा. वाळलेली वाटी स्वतःच पेट घेते.