रविवारची तासिका

श्रोतेहो, नमस्कार. मी आयटीआयमध्ये टर्नर ट्रेडचा, म्हणजे लेथवर धातू कातायच्या कामाचा, निदेशक आहे, तासिका तत्त्वावर. जेवढ्या तासिका घ्याव्यात तेवढे पैसे. आजारपणाचे नाहीत, आणि स्वतः काही शिकायला गेलो तर त्या दिवसाचेही नाहीत.

शिकवणाऱ्याला शिकावं लागतंच. चुनाभट्टीला राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्थेत निदेशकांसाठी सीआयटीएस हा वर्षभराचा अभ्यासक्रम आहे. चांगला आहे, जमेल त्यानं करावाच. पण वर्षभर तासिका बंद ठेवून घराचा हप्ता कुठून भरायचा? फी दिसते, बुडालेली तासिका दिसत नाही. पुन्हा सांगतो, फी दिसते, बुडालेली तासिका दिसत नाही.

म्हणून मी ठाण्यात एका सीएनसीच्या, म्हणजे संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या मशीनच्या, क्लासला नाव घातलं. दर रविवारी. राहायला बदलापूरला. सकाळी गाडी मिळायची, परतताना मेगाब्लॉक.

साध्या लेथवर माझी वीस वर्षं गेली. टूल जॉबला, म्हणजे कातायच्या तुकड्याला, कसं लागतंय ते आवाजावरून कळतं. सीएनसीवर सगळा कारभार आकड्यांचा. तिथल्या मशीनवर ‘एक्स ५०’ लिहून पुढचं टिंब विसरलात, तर ते ५० मिलिमीटर नव्हे, ५० मायक्रॉन धरायचं, म्हणजे हजारपट कमी. तिसऱ्या रविवारी मी नेमकं तेच टिंब विसरलो. बटण दाबलं आणि टूल धाडकन जॉबवर आदळलं. टूलच्या टोकाला बसवलेल्या इन्सर्टचे तुकडे उडाले. काचेमागे होतो म्हणून वाचलो. वर्गातली पोरं माझ्या प्रशिक्षणार्थ्यांच्या वयाची. कुणी हसलं नाही, पण माझे कान तापले. इन्सर्टचे पैसे भरले ते किराण्याच्या पाकिटातून. घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “हाताला लागलं नाही ना? मग जेवा आधी.”

त्या रात्रीपासून मी वहीत प्रोग्रॅम लिहायचो आणि सहावीतला मुलगा शेजारी बसून तपासायचा. ‘जी’, ‘एम’ हे प्रोग्रॅममधले कोड त्याला कळत नव्हते. दशांश चिन्ह कळत होतं. लाल पेन घेऊन ओळीवर बोट फिरवत यायचा आणि थांबायचा. “बाबा, इथे टिंब राहिलं.”

मध्येच एक सांगतो, प्रशिक्षणार्थ्याच्या हातात आधी कानस द्यावी, मग कीबोर्ड. ज्यानं कानशीनं पृष्ठभाग सपाट केलाय, त्याला मायक्रॉन म्हणजे काय ते बोटांनी समजतं. हल्ली हाताच्या कामाचे तास उरकून टाकतात, ते मला अजिबात पटत नाही.

माझं मागणं एवढंच आहे. निदेशक शिकायला गेला की ते तास कामाचे धरा आणि त्याचे पैसे द्या. शिकण्याचे तास कामाचे धरा. आज माझी पोरं सीएनसीवर जॉब काढतात, कंपन्यांत अप्रेंटिस म्हणून लागतात, त्याचा मला फार आनंद आहे.

क्लासच्या शेवटच्या रविवारी मुलाची शाळेच्या संघातून पहिली मॅच होती. आदल्या रात्री त्यानं माझी वही तपासली, दोन टिंबं दिली, आणि “बाबा, मॅच साडेनऊला आहे” एवढंच म्हणाला. साडेनऊला मी ठाण्यात मशीनसमोर उभा होतो.