स्प्रूससाहेबांची अर्धी मात्रा

नमस्कार श्रोतेहो! आज बोलायचंय ते ॲमेझॉनच्या जंगलातल्या आयाहुआस्का या काढ्याबद्दल. एक वेल आणि चाक्रुना नावाच्या झुडपाची पानं, तासन्‌तास उकळलेली. प्यायल्यावर डोळ्यांपुढे दृश्यं उभी राहतात.

1852 साली रिचर्ड स्प्रूस हा इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ ब्राझीलमध्ये वाउपेस नदीकाठच्या एका उत्सवाला गेला. तिथे याच वेलीचं पेय प्यायचे, त्याला म्हणायचे कापी. साहेब ठरवूनच गेले होते, आज स्वतः पिऊन बघायचं. मळमळ आणणारा एक पेला कसाबसा घशाखाली उतरवला. ही झाली अर्धी मात्रा! तेवढ्यात यजमान हजर. सोबत एक बाई, तिच्या हातात तुंबाभर कसाव्याची, म्हणजे साबुदाण्याच्या कंदाची, बिअर. नाही कसं म्हणणार? प्यायले. लगेच पेटवलेला सिगार हातात: दोन फूट लांब, मनगटाएवढा जाड. साहेबांनी जन्मात तंबाखू ओढलेला नाही, तरी चार झुरके मारले. वर पेलाभर ताडी! पोट ढवळून निघालं. बरोबरच्या मित्रानं शहाणपणानं आधीच कॉफी करून ठेवली होती. ती पिऊन साहेब झोळीत आडवे, आणि प्रयोग तिथेच संपला. आग्रह करणाऱ्यांना कायद्यानं आवर घालावा, असं माझं जुनं मत आहे.

पुढच्या वर्षी स्प्रूसनं वेलीचे तुकडे इंग्लंडला धाडले. शंभरहून जास्त वर्षांनी कुणीतरी ते तपासले, तर अल्कलॉइड, म्हणजे वेलीतली असर करणारी द्रव्यं, अजून शाबूत! (आणि 1986 मध्ये एका अमेरिकन माणसानं या वेलीच्या एका वाणाचं चक्क पेटंट घेतलं. जंगलातल्या लोकांना कुणी विचारलं का?)

आता थोडं शास्त्र. दृश्यं दाखवतं ते पानांतलं डीएमटी हे द्रव्य. ते नुसतं गिळलं तर शरीरातलं एमएओ हे विकर, म्हणजे एन्झाइम, ते मोडून टाकतं. वेल त्या विकरालाच अडवते. लक्षात ठेवा, वेल विकराला अडवते.

ब्राझीलमध्ये औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्याच्या 29 रुग्णांवर चाचणी झाली, 2018 मध्ये प्रसिद्ध झाली. सात दिवसांनी काढा घेतलेल्यांपैकी 64 टक्क्यांना ठळक उतार, खोट्या काढ्यावर 27 टक्क्यांना. आशा वाटावी असं आहे, पण रुग्ण मोजके.

धोका त्याच विकरापाशी. मेंदूतलं सेरोटोनिन हे रसायनही तेच मोडतं, आणि नैराश्याच्या अनेक गोळ्या सेरोटोनिन वाढवतात. त्यांवर हा काढा म्हणजे जिवाशी गाठ. पुन्हा सांगतो, गोळ्या आणि काढा एकत्र नाही. हृदयविकार असेल, स्वतःला किंवा घरात कुणाला स्किझोफ्रेनिया असेल, तरीही नाही. आणि काढ्यासाठी म्हणून चालू गोळ्या मनानं बंद करू नका, तेही तितकंच घातक आहे.