त्याच पाच अणूंचं दुसरं आम्ल

मंडळी, एक हायड्रोजन, एक नायट्रोजन, तीन ऑक्सिजन. यातून काय बनतं, असं विचारलं तर कुणीही नायट्रिक आम्ल म्हणेल. पण हेच पाच अणू दुसऱ्या क्रमानंही जोडले जातात. हा समघटक म्हणजे पेरॉक्सिनायट्रस आम्ल.

शहराच्या हवेत हायड्रॉक्सिल मूलक (एक ऑक्सिजन आणि एक हायड्रोजन यांचा, पटकन कशालाही चिकटणारा तुकडा) आणि नायट्रोजन डायऑक्साइड यांची गाठ पडते. मूलक नायट्रोजनला चिकटला तर नायट्रिक आम्ल, ऑक्सिजनला चिकटला तर हे दुसरं. पहिल्यातला तो बंध तोडायला मोलमागे सुमारे 200 किलोजूल लागतात, दुसऱ्यातला ऑक्सिजन-ऑक्सिजन बंध जेमतेम 83 किलोजूलचा. आता 83 तरी काही कमी नाही. 25 अंश सेल्सिअसला उष्णतेच्या धडपडीचं माप मोलमागे अडीच किलोजूलच भरतं. पण त्या हवेत एकेका रेणूला सेकंदाला काही अब्ज टकरा बसतात. एखादी वर्मी लागतेच. म्हणून हे आम्ल जमिनीलगत साधारण सेकंदभर टिकतं. नायट्रिक आम्ल मात्र पावसात विरघळेपर्यंत, पृष्ठभागांना चिकटेपर्यंत किंवा अमोनियाशी मिळून धूलिकण होईपर्यंत टिकून राहतं.

हिशेबाची गोम इथेच आहे. नायट्रिक आम्ल झालं की मूलक आणि डायऑक्साइड दोन्ही कामातून गेले, या दोघांच्या जोरावर हवेत ओझोन बनवणारी अभिक्रियांची साखळी तिथे तुटली. पेरॉक्सिनायट्रस आम्ल म्हणजे हातउसने दिलेले पैसे: सेकंदाभरात दोन्ही परत. पण प्रयोगात बहुधा मूलक किती वेगानं नाहीसा होतो एवढंच मोजत, आणि तेही मिलिसेकंदांत. तेवढ्यात हे आम्ल फुटलेलं नसतं, त्यामुळे परत येणारे मूलकही खर्ची पडत.

2010 साली कॅलिफोर्नियातल्या कॅल्टेक आणि जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीच्या शास्त्रज्ञांनी दोन्ही उत्पादितं अवरक्त वर्णपटावरून वेगवेगळी मोजली. काम किचकट होतं. दुसऱ्या आम्लातला हायड्रोजन रेणूच्या दुसऱ्या टोकाकडे वळून तिथल्या ऑक्सिजनशी हलका बंध धरतो, आणि त्यानं वर्णपटातल्या खुणा सरकतात, धूसर होतात. गुणोत्तर निघालं ते असं: वातावरणीय दाबाला, 25 अंशांना, नायट्रिक आम्लाच्या 100 रेणूंमागे 14 रेणू या समघटकाचे. शिवाय या अभिक्रियेचा एकूण वेगही आधी धरला होता त्याहून कमी निघाला. हे आकडे लॉस एंजेलिसच्या हवेच्या गणिती प्रारूपात घातले, तर सर्वांत प्रदूषित भागात ओझोनचा अंदाज 10 टक्क्यांपर्यंत वाढला. माझ्या मते ऊष्मारसायनाला, म्हणजे बंधांच्या ऊर्जेच्या अशा हिशेबाला, कोरडं म्हणणाऱ्यांना एवढं उदाहरण पुरे.

मात्र हा हिशेब जसाच्या तसा 10 किलोमीटर उंचीवर नेता येत नाही. तिथे उणे 50 अंशांच्या थंडीत बंध फोडण्याजोग्या टकरा इतक्या विरळ होतात की सेकंदाचं आयुष्य तासांच्या, दिवसांच्या घरात जातं. तेवढ्या वेळात ऊन किंवा दुसरा एखादा मूलक त्या रेणूला गाठू शकतो.