पाच मिनिटांची पहाट

(दृश्य: काळोखी खोली. लॅपटॉपच्या स्क्रीनवर एक स्लायडर.)

या खोलीत पाच मिनिटांत पहाट व्हायची आहे. नट नाहीत, संवाद नाहीत. कलाकृती म्हणजे फक्त प्रकाश, आणि तो लॅपटॉपवरून सोडायचा.

दिव्यांना आकड्यांनी हुकूम देण्याची पद्धत रंगभूमीकडूनच आली आहे: डीएमएक्स ५१२. १९८६ पासून ती वापरात आहे. एका केबलवर ५१२ चॅनल, प्रत्येक चॅनलवर ० ते २५५ मधला एक आकडा, म्हणजे किती उजळायचं ते. लाल, हिरवा, निळा असा तीन रंगांचा दिवा तीन चॅनल घेतो. त्याला १०१ हा पत्ता दिला, की तो १०१, १०२ आणि १०३ एवढंच ऐकतो.

(दृश्य: केबल एका दिव्यातून दुसऱ्या दिव्यात जाते.)

लॅपटॉपचे आकडे डीएमएक्समध्ये बदलणारी, यूएसबीला लावायची छोटी डबी, दिवे चालवणारं क्यूएलसी प्लससारखं मोफत सॉफ्टवेअर, दिव्यातून दिव्यात जाणारी केबल, एवढं लागतं. साखळीतल्या शेवटच्या दिव्याला १२० ओहमचा टर्मिनेटर, म्हणजे केबलचं टोक बंद करणारा रोधक, लावायचाच. तो नसला तर सिग्नल टोकावरून उलटा फिरतो आणि दिवे मध्येच लुकलुकू शकतात.

(दृश्य: भिंतीवर अगदी मंद प्रकाश. तो हलके झटके देत वाढतो.)

आता नीट बघा. पाच मिनिटांत २५५ पायऱ्या चढायच्या, म्हणजे एकेका पायरीला साधारण सव्वा सेकंद. २०० वरून २०१ वर जाताना कुणाला काही कळत नाही. पण साध्या एलईडीवर १ वरून २ वर जाताना प्रकाश थेट दुप्पट होतो! पहाट उगवत नाही, धक्के खात वर येते. फिलामेंटच्या दिव्यात हे खपून जायचं, कारण तार तापायला वेळ घेते आणि त्यात पायऱ्या बुजतात. एलईडी आकडा बदलताक्षणी बदलतो.

म्हणून अशा कामासाठी दिवा निवडताना त्याची ताकद नंतर बघावी, आधी विचारावं, की मंद प्रकाशासाठी सोळा बिटांची सोय आहे का. त्यात एकाच प्रकाशाला दोन चॅनल मिळतात, एक ढोबळ, एक बारीक, आणि २५६ ऐवजी ६५,५३६ पातळ्या हाती येतात. सगळे ५१२ चॅनल भरलेले असले तरी डीएमएक्स सेकंदाला सुमारे ४४ वेळा नवे आकडे पाठवू शकतं. एवढ्यात डोळ्याला सलग चढ दिसतो.

तरीही चढ सरळ रेषेत ठेवू नये. अंधाराला सरावलेला डोळा फार थोड्या प्रकाशानेही जागा होतो, त्यामुळे सुरुवातीचा चढ अगदी सावकाश हवा. आणि हे सगळं पूर्ण काळोखात बसूनच ठरवावं. उजेडात आखलेली पहाट रात्री भलतीच भगभगीत वाटते.

(दृश्य: दाराखालून आत येणारी नेटवर्क केबल.)

लॅपटॉपच्या स्क्रीनचा उजेडही इथे चालत नाही. आर्ट-नेट नावाची पद्धत डीएमएक्सचे हेच आकडे नेटवर्कच्या केबलवरून आत नेते, त्यामुळे लॅपटॉप आणि तो चालवणारा माणूस, दोघेही दाराबाहेर बसतात.