मे महिन्यातली दुपार आणि काचपेटीतला बेडूक

नमस्कार मंडळी. गोव्यातल्या घरात टेरेरियमसाठी, म्हणजे झाडं-माती घातलेल्या काचपेटीसाठी, कुठला बेडूक निवडावा, यावर बोला, असं मला सांगण्यात आलंय. लोक माझ्याकडे येतात ते बहुधा मोबाईलमधला फोटो घेऊनच. निळाशार डार्ट फ्रॉग, म्हणजे रानातला इवलासा विषारी बेडूक, नाहीतर गुलाबी ॲक्सोलॉटल, म्हणजे शेपटीवाला सॅलॅमँडर. मी फोटो बघतो, छान म्हणतो आणि विचारतो, मे महिन्यात दुपारी तीन वाजता तुमच्या हॉलमध्ये तापमान किती असतं? बहुतेकांनी ते कधी मोजलेलंच नसतं. तेव्हा आधी साधा थर्मामीटर आणा. तोही भिंतीवर लावू नका, पेटी जिथे ठेवायची आहे तिथेच ठेवा.

उभयचरांना शरीरातून उष्णता निर्माण करून तापमान राखता येत नाही. उकाडा वाढला की त्यांच्या ओल्या कातडीवरून पाणी उडतं आणि तेवढाच काय तो गारवा. आता आपल्याकडचा मे आठवा. हवा आधीच दमट, त्यात काचेची पेटी. पाणी उडणार कुठे? कोरड्या हवेच्या गावात जो बेडूक ३२ अंश कसेबसे सोसेल, तो पणजीत तेवढ्यावरच गळून जातो.

ॲक्सोलॉटलचं एकदाच सांगून टाकतो. तो जन्मभर पाण्यात राहतो, म्हणजे टेरेरियमचा प्राणी नव्हेच. मूळचा मेक्सिको सिटीजवळच्या सोचिमिल्कोचा, समुद्रसपाटीपासून २२०० मीटरहून उंचावरचा. त्याला १६ ते १८ अंशांचं पाणी लागतं. गोव्यात ते राखायला चिलर, म्हणजे पाणी गार करणारं यंत्र हवं, आणि पहिल्या पावसाबरोबर वीज गेली की चिलरही बंद. शिवाय तो साइट्स कराराच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे. अशा विदेशी प्राण्यांची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करण्याचे नियम २०२४ च्या फेब्रुवारीत आले. डार्ट फ्रॉगही त्याच परिशिष्टात येतात. त्यांच्या विषाची भीती मात्र बाळगू नका. जंगलातल्या मुंग्या आणि कोळीकिडे खाऊन ते विष अंगात साठतं. काचपेटीत वाढलेल्यात ते नसतं. त्यांचे खरे नखरे दोन. तापमान साधारण २१ ते २६ अंश, आणि खायला बारीक फळमाश्या, त्याही घरीच पैदा करायच्या. चोवीस तास एसी लावायची तयारी असेल त्यांनी त्या वाटेला जावं.

मग कोणी म्हणतो, सर, आमच्या न्हाणीत झाडबेडूक येऊन बसतो, तोच ठेवला तर? नको. तो तुमच्या न्हाणीत आधीच राहतोय, त्याला पेटी कशाला? आपले रानातले बेडूक वन्यजीव आहेत. १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, आणि पावसाळ्यात ‘जंपिंग चिकन’साठी, म्हणजे बेडकाच्या मांसासाठी, मोठ्या बेडकांची जी शिकार चालते, तिच्यामागे वनखातं दरवर्षी लागलेलं असतं. बेडकांच्या तंगड्यांची निर्यात तर देशाने १९८७ सालीच बंद केली. आपल्या मातीत अजून काय काय दडलंय तेही बघा. २००७ मध्ये देवगांडुळाची (हा बिनपायांचा उभयचर) एक नवी जात नोंदली गेली आणि तिला गोव्याचं नाव मिळालं; २०१८ मध्ये एका बेडकाच्या शास्त्रीय नावात ‘गोएंची’ आलं. त्यांना बघायला पावसात म्हादईच्या रानात जा, मोबाईलवर फोटो काढा आणि रिकाम्या हाताने परत या.

आता माझी निवड सांगतो. एसी नसलेल्या, पण हवा खेळती असलेल्या गोव्याच्या घरासाठी व्हाइट्स ट्री फ्रॉग. ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीचा, हिरवा, दहा सेंटीमीटरपर्यंत वाढणारा. २४ ते २९ अंशांत मजेत राहतो, त्यामुळे मेमधल्या कडक दुपारींची सोय तेवढी करावी लागते: पेटी जमिनीवर, घराच्या आतल्या भिंतीशी, झाकणावर पंख्याचा वारा. याला दमट कोंदटपणा सोसत नाही. दुकानदार फवाऱ्याचं यंत्र गळ्यात मारतात. जून ते सप्टेंबर आपल्याला त्याची गरज काय? उलट झाकण जाळीचं हवं, नाहीतर कातडीचे रोग लागतात.

त्याचं जेवण एकदा जवळून बघा. रातकिडा तोंडात गेला की बेडकाचे दोन्ही डोळे मिटून खाली खोल जातात. डोळ्यांचे गोळे टाळूवरून दाबून तो घास घशात ढकलतो. मुलं हे बघायला जेवण सोडून उठतात. पण म्हणून रोज भरवू नका. हा खादाड आहे. कानावरची चरबीची वळी डोळ्यांवर ओघळू लागली की समजावं, आपलं चुकतंय. मोठ्याला आठवड्यातून दोन-तीनदा पुरे, किड्यावर कॅल्शियमची पूड भुरभुरून. आणि हा पंधरा-वीस वर्षं जगू शकतो, हे घेण्याआधी घरच्यांना सांगा.

पॅकमन फ्रॉग, म्हणजे मोठ्या तोंडाचा गोलमटोल बेडूक, तोही चालतो. काथ्याच्या भुशात स्वतःला पुरून बसतो, हलत नाही, जे समोर येईल ते गिळतो, भाऊबंदसुद्धा. म्हणून एका पेटीत एकच. ज्यांना हालचाल बघायची हौस आहे त्यांनी तो घेऊ नये. दगड पाळल्यासारखं वाटेल.

बेडूक कुठलाही घ्या, घरातल्या दोन गोष्टी आधी बदला. बेडूक कातडीने पाणी पितो, थोडाबहुत श्वासही घेतो. म्हणून पेटी असलेल्या खोलीत डासांची कॉइल, लिक्विड मशीन, धूप, उदबत्ती, फिनाइल काही नको. देवघराजवळ पेटी ठेवणारे बरेच आहेत, म्हणून मुद्दाम सांगतो. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन भांडं उघडं ठेवल्याने उडतं, क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) उडत नाही. तेव्हा हे दोन्ही निष्प्रभ करणाऱ्या डीक्लोरिनेटरची बाटली घ्यावीच. हात लावायचाच असेल तर साबण पूर्ण धुऊन, ओल्या हातांनी.

कंटाळा आला म्हणून शेतात सोडायचा नाही. उभयचरांच्या कातडीला लागणाऱ्या कायट्रिड बुरशीने जगभरात पाचशेच्या वर उभयचर जातींची संख्या घटवली आहे, आणि तिच्या प्रसाराला पाळीव प्राण्यांचा व्यापार हातभार लावतो. पेटीतलं पाणीही ओहोळात ओतू नका.

विकत घेताना बेडूक पेटीत वाढवलेला आहे का, ते विचारा, बिल मागा. मग दुकानदाराला म्हणा, माझ्यासमोर एक किडा घाला. खाल्ला नाही तर पुढच्या आठवड्यात येतो असं सांगून निघा.